वाहतूक कोंडीचे गणित आणि कोल्हापूरचा टोल

हुपरीत पैंजणाचा एक जोड तयार होईपर्यंत अनेक घरे हिंडतो. एका घरी चांदीची आटणी होते, दुसऱ्या घरी तार ओढली जाते, तिसऱ्या घरी कड्या वळवून साखळी गुंफली जाते. मग झाळकाम, घुंगरे आणि शेवटी पॉलिश. आता असे समजू की झाळकाम करणारा कारागीर दिवसाला ४० जोड हातावेगळे करतो आणि साखळी गुंफणारी घरे त्याच्याकडे रोज ४४ जोड पाठवू लागली. पहिल्या दिवशी ४ जोड शिल्लक राहतील, दुसऱ्या दिवशी ८ आणि दहाव्या दिवशी ४०. म्हणजे दहाव्या दिवसानंतर आलेल्या जोडाला पूर्ण एक दिवस नुसते पडून राहावे लागेल. तार ओढणाऱ्याने कितीही झपाटा लावला तरी यात काही फरक पडणार नाही. उलट ढीग वाढेल.

चांदीच्या या गावातल्या कोणत्याही मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. परंतु हाच माणूस कोल्हापूरच्या गुजरीत कामासाठी निघाला आणि शहराच्या तोंडाशी वाहनांच्या रांगेत अडकला, की तो म्हणतो, "गाड्या फार झाल्या," किंवा "रस्ता अरुंद आहे." दोन्ही विधाने खोटी नाहीत, पण पुरेशीही नाहीत. कोंडी म्हणजे नेमके काय, ती कमी करण्याचे कोणते उपाय आहेत, आणि रस्ता वापरण्याबद्दल पैसे आकारणे हा त्यांपैकी एक उपाय होऊ शकतो का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात 'टोल' हा शब्द उच्चारताच माणसे सावध होतात. त्यामागे एक इतिहास आहे. त्याकडेही आपण वळणार आहोत. परंतु आधी थोडे गणित.

तीन सेकंदांची किंमत

एक कल्पित चौक घेऊ. या चौकातून मिनिटाला जास्तीत जास्त २० वाहने पार होऊ शकतात, म्हणजे प्रत्येक वाहनाला ३ सेकंद लागतात. सकाळी ९.३० ते १०.३० या शाळा-कचेऱ्यांच्या वेळेत तेथे मिनिटाला २२ वाहने येतात. १०.३० नंतर गर्दी ओसरते आणि मिनिटाला १८ वाहने येऊ लागतात.

पहिल्या तासात दर मिनिटाला २ वाहने शिल्लक राहतात. म्हणून १०.३० वाजता रांगेत २ × ६० = १२० वाहने असतील आणि शेवटच्या वाहनाला ६ मिनिटे थांबावे लागेल. त्यानंतर रांग मिनिटाला २ वाहनांनी कमी होत जाईल आणि ११.३० वाजता संपेल. ध्यानात घ्या, गर्दीची वेळ एका तासाची होती; कोंडी मात्र दोन तास टिकली. आलेखावर वेळ आडव्या अक्षावर आणि रांगेची लांबी उभ्या अक्षावर घेतली तर एक त्रिकोण मिळतो. त्याचे क्षेत्रफळ म्हणजे सर्व वाहनांचा मिळून वाया गेलेला वेळ : ½ × १२० × १२० = ७,२०० मिनिटे, म्हणजे १२० तास!

आता दुसरा प्रश्न. गर्दीच्या तासात मिनिटाला २२ ऐवजी २० च वाहने आली असती तर? रांग लागलीच नसती. वाहने जेमतेम ९ टक्क्यांनी कमी झाली, पण विलंब ९ टक्क्यांनी नव्हे, संपूर्ण नाहीसा झाला. शाळांना सुट्टी लागली की काही वाहनेच कमी होतात. तरीही रस्ते एकदम मोकळे वाटतात, त्याचे कारण हेच. कोंडीवरील उपायांचा सारा भर या थोड्या वाहनांवर असतो. सर्वांनी गाड्या घरी ठेवाव्यात असे कोणाचेच म्हणणे नसते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बरोबर १० वाजता या चौकात पोहोचलेला एक मोटारचालक घ्या. त्याच्यापुढे ६० वाहने आहेत, म्हणून तो ३ मिनिटे थांबतो. त्याला वाटते, आपल्याला कोंडीची झळ बसली ती ३ मिनिटांची. पण तो आला नसता तर त्याच्यामागचे प्रत्येक वाहन ३ सेकंद आधी सुटले असते. १० ते ११.३० या वेळात त्याच्यामागून २२ × ३० + १८ × ६० = १,७४० वाहने येतात. १,७४० गुणिले ३ सेकंद म्हणजे ५,२२० सेकंद, अर्थात ८७ मिनिटे. स्वतः ३ मिनिटे थांबलेल्या या गृहस्थाने इतरांची मिळून ८७ मिनिटे घेतली, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही!

९.३० च्या ठोक्याला आलेल्या चालकाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. त्याला स्वतःला अजिबात थांबावे लागत नाही, पण त्याच्या येण्याने मागच्या २,४०० वाहनांचे मिळून १२० मिनिटे खर्ची पडतात. जो सर्वांत कमी थांबतो तोच इतरांना सर्वांत जास्त थांबवतो. यात त्याचा दोष नाही, कारण हा खर्च त्याला दिसेल अशी कोणतीही सोय रस्त्यावर नाही.

आपल्या वागण्याचा जो खर्च दुसऱ्यांवर पडतो तो आपल्याकडून आकारला जावा, हा विचार इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली मांडला. रस्ते आणि रेल्वे यांना तो लागू करून, गर्दीच्या वेळी जास्त व इतर वेळी कमी दर असावा, असा आग्रह विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकापासून धरला. त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रस्त्यावरील अशा आकारणीला आपण या लेखापुरते 'कोंडी-शुल्क' म्हणू.

रस्ता दाटला की क्षमता घटते

वरील उदाहरणात चौकाची क्षमता कायम राहते असे आपण मानले. प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट असते. वाहने एकमेकांना खेटू लागली की त्यांचा वेग कमी होतो. तासाला किती वाहने पार होतात हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : दर किलोमीटरमध्ये किती वाहने आहेत, आणि ती ताशी किती किलोमीटर वेगाने चालली आहेत.

एक साधे प्रतिमान घेऊ. रस्ता मोकळा असताना वेग ताशी ४० किलोमीटर आहे, आणि एका किलोमीटरमध्ये १२० वाहने झाली की सगळेच ठप्प होते. मधल्या काळात वेग समप्रमाणात घटत जातो असे मानू. मग किलोमीटरमध्ये ३० वाहने असताना वेग ३० राहील आणि तासाला ९०० वाहने पार होतील. ६० वाहने असताना वेग २० होईल आणि १,२०० वाहने पार होतील. ही या रस्त्याची कमाल मर्यादा. ९० वाहने झाली की वेग १० वर येईल आणि पुन्हा ९०० च वाहने पार होतील. म्हणजे तेवढीच वाहने ताशी ३० च्या वेगाने जाऊ शकली असती. पण रस्त्यावर दाटी झाल्याने ती ताशी १० च्या वेगाने रखडत गेली. या दुसऱ्या स्थितीत कोणाचाच फायदा नाही. दाटी कमी ठेवणे म्हणजे लोकांना रस्त्यापासून वंचित ठेवणे नव्हे. तेवढ्याच रस्त्यातून तेवढ्याच किंवा अधिक लोकांना लवकर पोहोचवणे होय.

मग रस्ताच रुंद केला तर?

हा उपाय सर्वांना प्रथम सुचतो, आणि काही ठिकाणी तो योग्यही असतो. पण अंबाबाईच्या मंदिराभोवतीच्या जुन्या पेठा, महाद्वार रोड, गुजरी यांसारख्या भागांत रस्ता रुंद करायचा म्हणजे ज्यांच्यासाठी माणसे तेथे येतात ती दुकाने आणि घरेच पाडायची.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकेतील अँथनी डाउन्स यांनी १९६२ साली दाखवून दिले की गर्दीच्या वेळी मोठ्या शहरांतील नवा महामार्ग लवकरच पुन्हा भरतो. रस्ता मोकळा झाला की आधी लवकर निघणारे त्याच वेळी निघू लागतात, आडवाटेने जाणारे या रस्त्यावर येतात आणि बसने जाणारे काही जण गाडी काढतात. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उड्डाणपुलांचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्या पुलांनी अनेक चौक सुटले. परंतु मुंबईची कोंडी सुटली असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारला पाहिजे. रस्त्यावरून किती वाहने जातात यापेक्षा किती माणसे जातात हे मोजले पाहिजे. भारत सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही रस्त्यांची जागा वाहनांऐवजी माणसांचा विचार करून वाटावी असे म्हटले आहे.

वाहतूक अभियंते वाहनांची तुलना करण्यासाठी मोटारीला १ एकक धरतात. स्थूलमानाने मोटारसायकल अर्धे एकक, बस ३ एकके आणि ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर ४ ते ५ एकके इतकी जागा अडवतो. बसमध्ये ५० माणसे आहेत असे समजा. ती मोटारीतून निघाली, आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर ३३ मोटारी म्हणजे ३३ एकके लागतील. दुचाकीवरून निघाली, आणि चार दुचाकींवर पाच जण धरले, तर ४० दुचाकी म्हणजे २० एकके लागतील. बसला लागतात फक्त ३. मागच्या उदाहरणात आपल्याला मिनिटाला दोनच वाहने कमी करायची होती हे आठवा. चांगली बससेवा एवढे काम सहज करू शकते.

पण येथे एक दुष्टचक्र आडवे येते. कोंडीत बसही अडकते. अडकलेली बस उशिरा येते, म्हणून प्रवासी दुचाकी घेतो. दुचाक्या वाढतात, कोंडी वाढते, बस आणखी उशिरा येते. के.एम.टी. असो वा एस.टी., चालक-वाहकांनी कितीही कष्ट घेतले तरी हे चक्र बसच्या आत बसून तोडता येत नाही. ते रस्त्यावर तोडावे लागते. बससाठी स्वतंत्र मार्गिका हा त्यातला एक प्रयत्न. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते स्वारगेट असा प्रयोग सुरू झाला. अशा मार्गिकेचे यश ती सलग असण्यावर अवलंबून असते. चौकाच्या तोंडाशी मार्गिका संपली की बस पुन्हा त्याच रांगेत येते, आणि आपण पाहिलेच की खरा विलंब चौकाच्या तोंडाशीच होतो.

कोल्हापूरचा टोल

आता कोल्हापूरकडे वळू. २००८-०९ च्या सुमारास शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा व हस्तांतर करा' या तत्त्वावर एका खासगी कंपनीकडून करून घेण्याचा करार झाला. खर्च सुमारे २२० कोटी रुपयांचा होता. तो वसूल करण्यासाठी शहराच्या प्रवेशमार्गांवर शिरोली, फुलेवाडी, कळंबा इत्यादी नऊ ठिकाणी टोलनाके उभे राहिले. ३० वर्षे टोल घेतला जाणार होता.

लोकांनी त्याला कडवा विरोध केला. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखे ज्येष्ठ नेते त्यात उतरले आणि सर्व पक्षांची कृती समिती स्थापन झाली. आपल्याच गावात शिरायला पैसे का द्यायचे, हा मुख्य सवाल होता. कामाचा दर्जा, अपुरी कामे आणि कराराच्या अटी यांवरही आक्षेप होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये संतप्त जमावाने टोलनाक्यांची मोडतोड व जाळपोळ केली. न्यायालयीन लढाई, स्थगिती, पुन्हा वसुली असे होत होत अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने हा टोल रद्द केल्याची घोषणा केली आणि कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीवर पडली.

यावरून 'रस्त्यावर पैसे घेण्याची कल्पनाच आपल्याकडे चालणार नाही' असा निष्कर्ष काढला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे. कोल्हापूरचा टोल हा पथकर होता. बांधकामाचा खर्च वसूल करणे हा त्याचा हेतू होता. कोंडी कमी करणे हा नव्हता. त्यामुळे तो सकाळी दहाला जितका होता तितकाच रात्री बाराला होता. पथकर वसूल करणाऱ्याला वाहने जितकी अधिक तितके बरे. कोंडी-शुल्क लावणाऱ्याला ती गर्दीच्या वेळी कमी व्हावीत असे वाटते. दोघांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत. टोलचे पैसे रस्त्याच्या खर्चाकडे गेले. त्यातून बस वाढली नाही. आणि नाक्यावर प्रत्येक गाडी थांबवून पावती फाडायला १२ सेकंद लागले असे धरले, तर एका खिडकीतून मिनिटाला पाचच गाड्या सुटतात. कोंडी सोडवणे दूरच, नाकाच कोंडी निर्माण करतो!

मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरील टोल याच जातीचा, उड्डाणपुलांचा खर्च भरून काढण्यासाठी लावलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना त्यातून सूट देण्यात आली. मोटारींवर वेळेनुसार बदलणारे खरे कोंडी-शुल्क भारतातील एकाही शहराने अद्याप लावलेले नाही. म्हणून ते कसे चालते हे पाहण्यासाठी परदेशी जावे लागते.

तीन शहरांचा अनुभव

सिंगापूरने १९७५ साली शहराच्या मध्यभागात सकाळच्या वेळी शिरणाऱ्या मोटारींना दिवसाला ३ डॉलरचा परवाना लावला. यंत्रे नव्हती. काचेवर कागदी परवाना चिकटवायचा आणि वेशीवरच्या रक्षकांनी तो नजरेने पाहायचा. चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारीला सूट होती. त्या वेळेतील वाहतूक ४० टक्क्यांहून अधिक घटली. गंमत अशी की परवान्याची वेळ सकाळी ९.३० ला संपताच थांबून राहिलेल्या गाड्या आत घुसू लागल्या, म्हणून ती १०.१५ पर्यंत वाढवावी लागली. १९९८ पासून तेथे रस्त्यावरील कमानी गाडीतील उपकरणाशी रेडिओलहरींनी संपर्क साधून, गाडी न थांबवता, शुल्क वसूल करू लागल्या. दर वेळेनुसार बदलतो. शहरातील मुख्य रस्त्यांवर वेग ताशी २० ते ३० किलोमीटर राहावा हे लक्ष्य असते. वेग घटला तर दर वाढवतात, रस्ता मोकळा राहू लागला तर कमी करतात. आपल्या प्रतिमानातील 'कमाल मर्यादे'च्या आसपास रस्ता ठेवण्याचाच हा प्रयत्न आहे.

लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये मध्यवर्ती भागासाठी ५ पौंडांचे शुल्क सुरू केले. वाहनांचे क्रमांक कॅमेऱ्यांनी टिपले जातात. शुल्क सुरू होताना सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या आणि निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन होते. सुरुवातीस कोंडी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. पुढील वर्षांत ती पुन्हा वाढली. रस्त्यांची खोदकामे, बस व पादचाऱ्यांना दिलेली जागा आणि नंतर वाढलेल्या भाड्याच्या गाड्या ही त्याची काही कारणे. दिवसाला एकच ठरावीक रक्कम घेतली की दहाला आत आलेल्या आणि दुपारी तीनला आत आलेल्या गाडीत फरक उरत नाही, ही त्या योजनेची मर्यादाही त्यातून दिसली.

स्टॉकहोमचा अनुभव शिक्षकांना विशेष उद्बोधक वाटेल, कारण तेथे प्रत्यक्ष प्रयोग झाला. आधी ऑगस्ट २००५ मध्ये बससेवा वाढवली. तेवढ्याने वाहतुकीत फारसा फरक पडला नाही. मग जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने शुल्क लावले. वेशीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. शुल्क थांबवताच ती बरीचशी पूर्ववत झाली. कारण आणि परिणाम यांचा संबंध इतका स्पष्ट क्वचितच दिसतो. प्रयोगापूर्वी लोकमत विरोधात होते. प्रयोगानंतर सप्टेंबर २००६ मध्ये शहरात सार्वमत घेतले, तेव्हा थोड्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल मिळाला आणि २००७ पासून ते कायम झाले. न्यूयॉर्कनेही जानेवारी २०२५ पासून मॅनहटनच्या दक्षिण भागासाठी असे शुल्क लावले आहे. त्याचे पैसे भुयारी रेल्वे व बससेवेच्या सुधारणेसाठी आहेत.

हुपरीच्या माणसाचे काय?

स्टॉकहोमच्या कथेतील एक तपशील मात्र पुष्कळदा सांगितला जात नाही. शहराभोवतीच्या अनेक नगरपालिकांनीही आपापले सार्वमत घेतले, आणि तेथील एकूण कौल शुल्काच्या विरोधात गेला. शहरातल्या माणसाला मोकळे रस्ते आणि स्वच्छ हवा मिळत होती. बाहेरून येणाऱ्याला मुख्यतः पैसे द्यावे लागत होते.

हुपरी ही कोल्हापूरच्या अशा शेजाऱ्यांपैकी एक आहे. हुपरीचा माणूस पट्टणकोडोली मागे टाकून कोल्हापूरला जातो तो गुजरीत, रुग्णालयात, महाविद्यालयात किंवा सरकारी कचेरीत. कोल्हापूर महानगरपालिकेच्या निवडणुकीत त्याला मत नाही. उद्या शहराने कोंडी-शुल्क लावायचे ठरवले, तर ते भरणाऱ्यांत तो असेल, ठरवणाऱ्यांत नसेल. शिवाय पिशवीत दुसऱ्याची चांदी घेऊन निघालेल्या कारागिराला 'तू बसने जा' असे सांगणे सोपे आहे. त्याच्या जिवाला लागलेला घोर कमी करणे सोपे नाही.

'शुल्काचा भार गरिबांवर पडेल' हा आक्षेप म्हणूनच गंभीरपणे घ्यावयास हवा. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आज रस्ता फुकट आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याची किंमत आपण भरतोच. ती वेळेच्या आणि जळणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या रूपाने भरतो. ही वसुली कोणाच्याही तिजोरीत जमा होत नाही, नुसती धुरात जाते. आणि ती भरणाऱ्यांत बसमधील ५० प्रवासीही असतात. त्यांनी प्रत्येकी रस्त्याची अगदी थोडी जागा घेतली. तरीही एकट्याने मोटार घेऊन आलेल्याइतकाच वेळ ते थांबतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा अर्धा तास बुडाला तर तिची मजुरी कापली जाते. सध्याची पद्धत न्याय्य आहे असे म्हणणे कठीण आहे.

तेव्हा खरा मुद्दा क्रमाचा आणि विश्वासाचा आहे. लोकांनी शुल्क मान्य करावे असे वाटत असेल तर आधी पर्याय दिसला पाहिजे : हुपरी, कागल, इचलकरंजीहून ठरल्या वेळी येणारी आणि चौकात न अडकणारी बस. दुसरे म्हणजे पैशांचा हिशेब उघडा असला पाहिजे, आणि ते त्याच बससेवेवर खर्च झालेले दिसले पाहिजेत. तिसरे म्हणजे आसपासच्या गावांना निर्णयात आवाज असला पाहिजे. कोल्हापूरच्या टोलमध्ये या तिन्ही गोष्टी नव्हत्या. त्या आंदोलनाने रस्त्याची किंमत नाकारली असे म्हणण्यापेक्षा, न विचारता लावलेली आणि मोबदला न दिसणारी वसुली नाकारली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

शुल्कापर्यंत जाण्यापूर्वी स्वस्त उपायही पुष्कळ आहेत. पहिला, वाहनतळ. उभ्या मोटारीला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते. पेठेत रस्त्याच्या कडेला ती दिवसभर फुकट अडवू दिली की रस्त्याची एक पट्टीच नाहीशी होते. गर्दीच्या भागात तासावर आकारलेले वाहनतळाचे शुल्क हे कोंडी-शुल्काचे धाकटे भावंडच आहे, आणि त्याला कमान लागत नाही, कॅमेराही लागत नाही. दुसरा, वेळा. शाळा, कचेऱ्या आणि बँका यांच्या वेळांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवले तर मिनिटाला २२ चे २० होऊ शकतात. तिसरा, अवजड वाहनांचे वेळापत्रक. हुपरीजवळच्या जवाहर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. दोन ट्रेलर ओढणारा एक ट्रॅक्टर शाळा भरण्याच्या वेळी चौकात आला, की एकट्याने चार-पाच मोटारींहून अधिक जागा व वेळ घेतो. त्या अर्ध्या तासापुरती ही वाहने गावाबाहेर थांबवली तर ऊस वाळत नाही, आणि मुले सुखरूप शाळेत पोहोचतात.

वर्गासाठी उपक्रम

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे गट करून पुढील उपक्रम करता येईल. गावातील मुख्य चौकात, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली सकाळी ९.३० ते ११.३० या वेळात दर पाच मिनिटांना नोंदी घ्याव्यात. एका गटाने येणारी वाहने प्रकारवार मोजावीत, दुसऱ्याने चौक पार करणारी, तिसऱ्याने प्रत्येक वाहनातील माणसे. वर दिलेल्या एककांत वाहनांचे रूपांतर करावे. मग तीन आलेख काढावेत : दर पाच मिनिटांना आलेली एकके, पार झालेली एकके, आणि दोहोंतील फरक साठत जाऊन होणारी रांग. शेवटच्या आलेखाचे क्षेत्रफळ चौकटी मोजून काढले की त्या सकाळी गावाचा किती वेळ वाया गेला ते कळेल.

हाच उपक्रम ऊस हंगामात एकदा आणि हंगाम संपल्यावर एकदा करावा. त्यानंतर वर्गात एक सभा भरवावी. काही विद्यार्थी कोल्हापूरचे नगरसेवक, काही हुपरीचे चांदी कारागीर, काही बसचे प्रवासी, काही ट्रॅक्टरचालक व्हावेत. प्रश्न एकच : दहा वाजता चौकात येणाऱ्या मोटारचालकाने इतरांकडून घेतलेली ८७ मिनिटे कोणी, कशी आणि कोणाला परत करावीत? प्रत्येक गटाने आपले उत्तर आकड्यांनिशी मांडावे, आणि दुसऱ्या गटाच्या आकड्यांना उत्तर दिल्याशिवाय मतदान घेऊ नये.